दुसरा रंग

लोणावळ्यात मला पहिली नोकरी लागली ती ड्रॉइंग मास्तरची, आणि पहिली खोली मिळाली ती माझ्या कोटामुळे. कुसगावच्या रस्त्याला एका बंगल्यात मागची खोली रिकामी आहे असं शाळेच्या शिपायानं सांगितलं, म्हणून मी बघायला गेलो. घरमालक साठीच्या पुढचे, सडपातळ, चष्म्याची दोरी गळ्यात. त्यांनी खोली दाखवलीच नाही. मला भिंतीला पाठ लावून उभं केलं, स्वतः अंगणाच्या बाजूला थोडे मागे सरकले आणि डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिले. अवघडून मी म्हणालो, खोली मला पसंत आहे.

"ते ठीक आहे," ते म्हणाले. "तुम्ही खोलीला पसंत पडताय का, ते बघतोय."

भिंतींना चुन्यात नीळ कालवून दिलेला अगदी फिकट निळा रंग होता आणि माझा कोट मातकट. मातकट त्या निळ्यावर नीट उठून दिसतो, असा निकाल लागला आणि त्याच संध्याकाळी मी वळकटी घेऊन राहायला आलो. माझ्याआधी रेल्वेतला एक सज्जन माणूस खोली बघून गेला होता. त्याचा गणवेश निळा होता, म्हणून तो भिंतीत विरघळतो असं सांगून त्याला परत पाठवलं होतं. हे मला माईंनी नंतर सांगितलं. माई म्हणजे त्यांच्या पत्नी.

गावात सगळे त्यांना डॉक्टर म्हणत, पण त्यांनी उभ्या आयुष्यात कोणाला औषध दिलेलं नव्हतं. सरकारी प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपखाली रोगाचे जंतू शोधण्यात सगळी नोकरी गेली. पेन्शन घेतल्यावर हवा चांगली म्हणून ते लोणावळ्याला आले आणि पडवीच्या टोकाला एका लहान खोलीत त्यांनी आपला मायक्रोस्कोप मांडला. माईंच्या म्हणण्याप्रमाणे ती जागा लोणच्याच्या बरण्यांची होती.

त्यांचा विषय काय, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण ते दुसऱ्या कशाबद्दल बोलतच नसत. क्षयाचा जंतू तसा बिनरंगी. तो दिसावा म्हणून स्लाइडवर आधी लाल रंग ओतायचा आणि खालून ऊब द्यायची. लाल सगळ्यालाच चढतो. मग आम्लानं धुतलं की बाकी सगळ्यांचा उतरतो आणि जंतूचा तेवढा राहतो. पण लाल जंतू आणि भोवती धुऊन पांढरं झालेलं मांस, ह्यात नजर ठरत नाही. म्हणून त्या भोवतालाला वेगळा, दुसरा रंग द्यायचा. डॉक्टरांचं सगळं आयुष्य त्या दुसऱ्या रंगावर उभं होतं.

"पहिला रंग कोणीही देईल, मास्तर," ते म्हणायचे. "अक्कल लागते ती दुसऱ्याला."

दुसऱ्यानं पहिल्याला झाकायचं नाही, पहिल्यासारखं दिसायचं नाही आणि पहिल्याला धुऊन काढायचं नाही, एवढी तीन पथ्यं त्यांनी ठरवली होती. ही पथ्यं पाळणारा एकच रंग जगात आहे आणि तो निळा, तोही चोरून दिल्यासारखा फिकट, असं त्यांचं मत होतं. नोकरीत हाताखालच्या माणसांना त्यांनी हेच शिकवलं. एवढ्यावर ते थांबले असते तर बरं झालं असतं. पण हीच पथ्यं ते माणसांना लावत. गावच्या वाचनालयात एकदा मुंबईचे पाहुणे व्याख्यानाला आले होते. त्यांची ओळख करून देणाऱ्या गृहस्थांनी एवढा वेळ घेतला की पाहुणे टेबलावरच्या फुलदाणीत पाणी आहे की नाही ते बघू लागले. डॉक्टर तिसऱ्या रांगेतून उठले, "दुसरा रंग फार झाला" एवढंच शांतपणे म्हणाले आणि घरी निघून आले. त्यानंतर बरेच दिवस गावात त्याचा अर्थ लावणं चाललं होतं. कोणी म्हणे ते राजकारणावर बोलले, कोणी म्हणे जातीवर.

भात हा त्यांच्या मते जेवणातला आदर्श दुसरा रंग होता, कारण तो आमटीला पुढे करून स्वतः मागे राहतो. हे त्यांनी एकदा पानावर बसून सविस्तर सांगितलं. माईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या पानात नुसता भात वाढला.

माई उंच, ठणठणीत, आणि आवाज असा की खंडाळ्याकडून येणाऱ्या गाडीच्या शिट्टीनंसुद्धा तो बुडायचा नाही. डॉक्टर मला पडवीत बसवून, जगात मागे राहण्याचं महत्त्व काय, हे समजावून सांगत असत. आतून हाक आली की वाक्य तिथल्या तिथे सोडून ते उठत. त्या घरात पहिला रंग कोण आणि दुसरा कोण, ह्याबद्दल माझ्या मनात कधी शंका नव्हती. त्यांच्याही नसावी. फक्त तो विषय त्यांनी माझ्याशी कधी काढला नाही.

त्यांना बाजारात जाण्याची बंदी होती. एवढ्या शिकलेल्या माणसानं पिशवी घेऊन हिंडणं बरं दिसत नाही, असं माई शेजारीपाजारी सांगत. खरी गोष्ट अशी की त्यांनी आणलेले टोमॅटो निम्मे कच्चे निघत आणि भाजीवाल्या त्यांना लांबून बघूनच टोपलीच्या तळाचा माल वर काढत.

आणखी एक गोष्ट मला फार विचित्र वाटायची. श्रावणात आमच्याकडे डोंगर बघायला लांबलांबहून माणसं येत. डॉक्टर त्या दिवसांत पश्चिमेकडच्या खिडक्या लावून घेत. पाहुण्यांनी बाहेरच्या झाडाला आलेल्या लाल फुलांचं कौतुक केलं की ते मान हलवत, पण खिडकीपाशी जात नसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सगळं एकाच सुरात बडबडतंय. बघण्यासारखं त्यात काय आहे?" पाहुणे त्यांना रूक्ष म्हणत. मीही म्हणत असे, मनात.

मी ड्रॉइंग मास्तर आहे ह्याचा त्यांना आनंद झाला होता, त्याला कारण होतं. दुसऱ्या रंगावर ते एक मोठा लेख लिहीत होते आणि त्यात रंगीत चित्रं हवी होती. रविवारी सकाळी मी त्या लोणच्याच्या खोलीत बसायचो, मायक्रोस्कोपला डोळा लावायचो आणि दिसेल ते कागदावर उतरवायचो. शाळेत मुलांकडून केळ्यांची आणि तांब्याची चित्रं काढून घेण्यापेक्षा हे काम मला आवडत असे. कशाचं चित्र आहे हे मला बहुतेक वेळा समजत नसे. डॉक्टर म्हणत तेच बरं, समजलं की माणूस सुधारून काढतो.

मग लढाई सुरू झाली. मुंबईहून येणाऱ्या किती वस्तू बंद झाल्या ह्याची गावात रोज चर्चा असे. आमच्या घरात एकच वस्तू बंद झाली, डॉक्टरांचा निळा. तो परदेशातून यायचा. त्यांनी ओळखीच्या दुकानदारांना लिहून पाहिलं, जुन्या कचेरीत शब्द टाकला, पण होता तो साठा दवाखान्यांसाठी राखून ठेवलेला. पेन्शनवाल्या म्हाताऱ्याला छंदासाठी रंग कोण देणार? बाटलीतला शेवटचा थेंब संपला त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून प्रयोग सुरू झाले. पहिल्यांदा कपड्याची नीळ. ती विरघळेना. स्लाइडवर तिचे कण चुलीतली राख उडून बसावी तसे बसले. मग दौतीतली शाई. ती मांसानं अशी प्यायली की जंतूंसकट सगळं काळंनिळं होऊन गेलं. माझ्या रंगपेटीतला निळा त्यांनी मोठ्या आशेनं मागून नेला, तो पाण्याच्या पहिल्या धारेला वाहून गेला. हे रंग उकळायला त्यांनी माईंचं दुधाचं पातेलं वापरलं होतं आणि ते सांगायचं राहून गेलं. पुढे बरेच दिवस दूध निळसर दिसायचं. आबा दुधात पाणी घालतात असा माईंनी समज करून घेतला.

आबा म्हणजे कुसगावचे आमचे दूधवाले. लोणावळ्याच्या निम्म्या बंगल्यांना त्यांचा रतीब होता. त्यांनी हातात तांब्या धरून शपथ घेतली. "माई, मी पानी घालत न्हाई. घातलंच आसतं तर निळं कशाला घालीन?" त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे असं डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले आणि पातेल्याचा उलगडा झाला.

हिरवा मी सुचवला. बाजारातल्या किराणा दुकानात रंगपंचमीचे उरलेले पक्क्या हिरव्याचे खडे होते. मुलांच्या अंगावरून तो आठवडाभर जात नसे, तेव्हा मांसावरून कसा जाईल? डॉक्टर तयार होईनात. हिरवा आगाऊ असतो, असं त्यांचं म्हणणं. मी माझी विद्या पुढे केली. लाल आणि हिरवा हे एकमेकांचे विरोधी रंग, लाल सगळ्यात जास्त उठतो तो हिरव्यावरच, हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकतो, असं मी सांगितलं. पोपटाच्या चोचीचा दाखला दिला. त्यांनी पोपटाचा विचार केला. त्यांना हिरव्यात खोट काय ते सांगता येईना.

"मला तो आवडत नाही, एवढंच आहे," ते शेवटी म्हणाले. "आणि न आवडणं हे काही शास्त्र नव्हे."

नावडीवर मात करून त्यांनी हिरवा घेतला, ह्याचा त्यांना थोडा अभिमानही वाटला असावा. रोग नक्की असलेला एक जुना तुकडा त्यांच्याकडे होता. त्याच्यावर त्यांनी हिरवा लावून पाहिला. बराच वेळ बघून म्हणाले, दिसतात, पण लाजतात. तुकडा जुना झाला, त्याला कोण काय करणार. ते जंतू त्या तुकड्यात कुठे कुठे आहेत हे त्यांना वर्षानुवर्षं पाठ होतं, ही गोष्ट तेव्हा दोघांच्याही लक्षात आली नाही.

थंडीच्या सुरुवातीला आबा एका सकाळी दूध घालून तसेच पायरीवर बसून राहिले. त्यांच्या धाकट्या सुनेच्या, रखमाच्या मानेला गाठी आल्या होत्या आणि संध्याकाळी अंग तापत होतं. गावातल्या बाया गंडमाळ म्हणत होत्या. गंडमाळ म्हणजे मानेच्या गाठींचा क्षय. तिला अंगावर पिणारं मूल होतं. आबांच्या घरात भीती दुहेरी होती. क्षय असेल तर पोरगी जाईल, आणि बंगलेवाल्यांना कळलं तर रतीब जाईल. मोठ्या मुलाचं म्हणणं होतं की तिला सरळ माहेरी, पवना नदीकडे पाठवून द्यावं, मूल ठेवून घ्यावं. आबांना ते पटत नव्हतं.

गावच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी एक गाठ काढून दिली. तपासणीला ती पुण्याला जायची होती, पण आमचे डॉक्टर म्हणाले, पुण्याला कशाला, मी इथे बसलोय. त्यांनी गाठ मेणात बसवली, पापुद्र्यासारखे तिचे काप काढले, लाल दिला, धुतला, हिरवा दिला. मग दोन दिवस ते त्या खोलीतून जेवणापुरतेच बाहेर आले. तिसऱ्या दिवशी रखमाला आणि आबांना बोलावून त्यांनी सांगितलं की गाठीत काही नाही. साधी सूज आहे, उतरेल.

रखमा तोवर अंगणात लांब उभी होती, मुलाला बरोबर आलेल्या सासूकडे देऊन. डॉक्टरांचं बोलणं ऐकून ती पुढे आली, सासूच्या हातून मूल घेतलं आणि फाटकाबाहेर पडेपर्यंत त्याच्या डोक्यावरून गाल काढला नाही. माई आत जाऊन डोळे पुसून आल्या. डॉक्टर मला म्हणाले, ह्या स्लाइडचं चित्र काढा मास्तर. निरोगी कसं दिसतं तेही लेखात हवं.

मी रविवारी बसलो. खरोखरच सुंदर स्लाइड होती. हिरव्या शेवाळासारखं सगळं पसरलेलं आणि त्यात मधूनच बारीक, किंचित वाकलेल्या लाल काड्या. इथे दोन, तिथे तीन. रोग नाही असं ठरलेलंच होतं, तेव्हा ह्या काड्या रंगाचा गाळ असेल किंवा मांसातलंच काही असेल असं मी धरून चाललो. समजलं की माणूस सुधारून काढतो, हे त्यांचं वाक्य मला चांगलं पाठ होतं. मी जे दिसलं ते काढलं.

डॉक्टरांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "झकास," ते म्हणाले. "अगदी स्वच्छ आलंय. एकही नाही."

माई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी खांद्यावरून वाकून बघितलं. "एकही काय नाही?"

"जंतू."

"मग ही लाल लाल काय आहेत?"

"कुठे?" डॉक्टर म्हणाले.

माईंनी बोट ठेवलं. डॉक्टर कागद घेऊन खिडकीशी गेले, खिडकी उघडली. माई मागोमाग गेल्या आणि पुन्हा बोट ठेवलं, मग दुसरीकडे, मग तिसरीकडे. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग माझ्याकडे वळून विचारलं की हे तुम्ही मनानं घातलंत का. मी म्हणालो, नाही, स्लाइडमध्ये आहेत.

"लाल आहेत?"

"लाल आहेत."

"म्हणजे किती लाल?"

मला दुसरी उपमा सुचली नाही. "झाडावर मिरची पिकते तशी," मी म्हणालो.

माई स्टुलावर बसल्या. मिरच्या निवडायला मी ह्यांना कधी देत नाही, त्या माझ्याकडे बघून सांगू लागल्या, लग्न झालं तेव्हापासून देत नाही. टोमॅटो तसेच. धोतराच्या काठाचा रंग विचारला की भलतंच सांगतात. "पण मला वाटलं, पुरुषांना रंगांतलं काय कळतं. सगळ्यांचं असंच असेल."

डॉक्टरांनी मला परत मायक्रोस्कोपला बसवलं. एकेक काडी मी बरोबर मधोमध आणून द्यायची आणि बाजूला व्हायचं, मग ते बघायचे. असं कितीतरी वेळ चाललं. शेवटी ते मान वर न करता म्हणाले, "आता दिसतात. तुम्ही सांगितलंत म्हणून दिसतात."

दुपारपर्यंत माईंनी एक वाट काढली होती. मी उद्या आबांना सांगते, त्या म्हणाल्या, की आधीचा काप खराब होता, दुसरा घेतला, त्यात निघालं. त्यात खोटं फारसं नाही, कोणाचं नुकसानही नाही आणि पोरीला औषधपाणी तर सुरू होईल. मलाही ते शहाणपणाचं वाटलं. डॉक्टर ऐकत होते.

सोमवारी सकाळी त्यांनी टांगा बोलावला आणि मला बरोबर यायला सांगितलं. शाळेत निरोप धाडून मी निघालो. वाटेत ते ओठातल्या ओठात जुळवाजुळव करत होते, ती मला ऐकू येत होती. लढाईमुळे रंग चांगला मिळाला नाही. उजेड कमी होता. असे आजार कधी कधी दोनदा बघावे लागतात. प्रत्येक वाक्य ते एकदा म्हणून बघत आणि सोडून देत. टांगा कुसगावात शिरला तेव्हा त्यांच्याजवळ एकही वाक्य उरलं नसावं.

आबा गोठ्यातून हात पुसत आले आणि त्यांनी घोंगडं अंथरलं. रखमा ओट्यावर मुलाला पाजत बसली होती. सासू चुलीपुढून उठून दारात आली. डॉक्टर बसले नाहीत.

"मी सांगितलं ते चूक होतं," ते म्हणाले. "गाठीत क्षय आहे. मला हिरव्यातला लाल दिसत नाही. ते मला काल कळलं."

आबांना समजायला वेळ लागला. "म्हंजी रंग चुकला व्हय?"

"रंग बरोबर होता. मी चुकलो."

गोठ्यात म्हैस दाव्याला हिसके देत होती. रखमा डॉक्टरांकडे रोखून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग होता, पण तो कुठे ठेवावा हे तिला ठरवता येत नसावं. समोरचा म्हातारा पळूनही जात नव्हता आणि हातही जोडत नव्हता.

"मंग येवडी वरसं तुमी काय बगत व्हता?" तिनं विचारलं.

"निळं," डॉक्टर म्हणाले.

ती त्यांना निरखत राहिली. "आन् ह्ये माजं लुगडं? ह्ये कंच्या रंगाचं हाय?"

डॉक्टरांनी मन लावून बघितलं. परीक्षेला बसल्यासारखे ते एक पाऊल पुढे झाले. "तपकिरी," ते म्हणाले.

लुगडं हिरवंगार होतं, रुंद लाल काठाचं. सासूनं पदर तोंडाला लावला, तरी तिला हसू आवरलं नाही. मग आबाही हसले आणि लगेच गप्प झाले. रखमा हसली नाही. पण रागाचं तिला काय करावं ते बहुतेक उमगलं. तिनं मुलाला पदराखालून काढलं, क्षणभर छातीशी धरलं आणि सासूच्या हातात दिलं.

"कुटं जायाचं त्ये सांगा," ती म्हणाली. "आन् पोराला काय पाजायचं त्ये बी सांगा."

तळेगावच्या बाजूला एका आरोग्यधामात डॉक्टरांनी स्वतः जाऊन तिच्यासाठी खाट मिळवली. पोर शेळीच्या दुधावर वाढलं, आणि चांगलं वाढलं. बातमी फुटायची ती फुटलीच. काही बंगल्यांनी रतीब तोडला. माईंनी आपला चालू ठेवला आणि तो चालू आहे हे रस्त्यावर उभं राहून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा बेतानं, आबांना रोज सांगितलं. दुसऱ्या दूधवाल्याच्या दुधात पाण्यावाचून काहीच नसतं हा अनुभव आल्यावर बंगलेवाल्यांना क्षयाची भीती हळूहळू वाटेनाशी झाली. उन्हात झोपून, अंडी खाऊन, हवा घेऊन रखमाच्या गाठी सुकल्या. तेव्हा त्याखेरीज मोठं औषध नव्हतंच. ती परत आली तेव्हा मुलानं तिला ओळखलं नाही, तो सासूच्या मागे लपला. ह्याचं तिला वाईट वाटलं, पण ते तिनं माईंजवळ फक्त एकदाच बोलून दाखवलं.

डॉक्टरांनी लेख पुरा केला नाही. मायक्रोस्कोप त्यांनी गावच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांना देऊन टाकला, तोही आधी त्यांना बागेत नेऊन, एकेका फुलाचा आणि पानाचा रंग तोंडी विचारून खात्री पटल्यावर. पुढे हा त्यांचा नादच झाला. बंगल्यावर येईल त्याला ते जास्वंदीपाशी उभं करत. खंडाळ्याच्या एका शेटचा माळी त्यांच्यासारखाच निघाला, तेव्हा त्यांना भाऊ भेटल्यासारखं झालं. त्याला आत बोलावून त्यांनी आपल्याबरोबर चहा पाजला. रेल्वेत साध्या सांधेवाल्याचेसुद्धा डोळे लाल-हिरव्यासाठी तपासून घेतात, ते मला म्हणाले, आणि आमच्याकडे नोकरीत घेताना मात्र फक्त हस्ताक्षर बघितलं होतं. हे ते तक्रारीच्या सुरात म्हणत नसत. त्यांना त्यात गंमतच वाटत असावी, असा माझा तरी समज होता.

पाऊस सरत आलेला होता. शाळेतून येऊन मी पडवीत बसलो होतो. माई आत कोणाला तरी रागावत होत्या. डॉक्टर आरामखुर्चीत, हात मांडीवर. आता त्यांच्या हातांना काही काम नसे. रखमा दूध घालून नुकतीच फाटकाबाहेर गेली होती. ती दिसेनाशी होईपर्यंत ते बघत राहिले.

"मागच्या लढाईतही निळा आला नव्हता, मास्तर," ते म्हणाले.

मागची म्हणजे पहिली लढाई. मी विचारलं, मग तेव्हा तुम्ही काय केलंत.

"हिरवा. साहेबांचा हुकूम होता. सबंध वर्ष हिरव्यावर काढलं."

ते सावकाश सांगत राहिले. पलटणीतले शिपाई, गिरण्यांतले कामगार, रोज स्लाइडींचा ढीग यायचा. इतरांना एकेका स्लाइडला वेळ लागायचा, कारण त्यांना काही ना काही सापडायचं आणि ते मोजत बसायचे. डॉक्टरांचा ढीग दुपारपर्यंत संपलेला असायचा. काही नाही, काही नाही, असं लिहून खाली सही. माणसं आनंदानं घरी जायची.

"रोग कमी होतोय म्हणून साहेब खूश होते," ते म्हणाले. "माझी बढती त्याच वर्षातली."